मिठागराची झडप

मे महिन्यात बोईसरच्या वसाहतीत रात्रीची वीज गेली की माणसं गच्चीवर चढतात. त्या रात्री कृष्णकांतमामाही चढले. त्यांनी चटई अंथरली, तांब्या उशाशी ठेवला आणि पायाशी येऊन बसलेल्या भाचरांकडे पाहिलं. उषा आणि शिवाजी. दोघंही कॉलेजात जाणारी, दोघंही अजून अंधारात एकमेकांना चिकटून बसणारी.

"मामा, भुताची सांगा," उषा म्हणाली.

"भुताची मला येत नाही. मी टेलिफोनचा लाइनमन. खांबावर चढण्यात जन्म गेला. एक घडलेली गोष्ट आहे, ती सांगतो. ज्याच्या बाबतीत घडली तो चंद्रभान माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा."

"म्हणजे भुताचीच," शिवाजी पुटपुटला.

"मधे बोलायचं असेल तर खाली जाऊन डास मार."

मग मामा सांगू लागले.

साल सत्त्याऐंशी. वीस नोव्हेंबर, शुक्रवार, कार्तिकातली अमावास्या. त्या संध्याकाळी चंद्रभान सायकलीच्या कॅरिअरला बॅटरीच्या पाण्याचा बुधला बांधून बोईसरहून निघाला. बुधला काचेचा, म्हणून त्याच्याभोवती बायकोचं जुनं लुगडं गुंडाळलेलं. रात्रपाळीवर जाता जाता टेलिफोन एक्स्चेंजवर पाणी पोचवायचं, एवढंच काम. हँडलला जेवणाचा डबा लटकत होता. घाई नव्हती. चंद्रभानला घाई कधीच नसायची. नगरकडचा माणूस, उंच, सावकाश बोलणारा, हातातलं काम संपल्याशिवाय मान वर न करणारा.

चिंचणीच्या अलीकडे तेव्हा हातानं चालवायचं एक्स्चेंज होतं. कौलारू खोली आणि तिच्यात एक लाकडी बोर्ड. ज्याच्या घरी फोन, त्याच्या नावाची बोर्डावर एक बारीकशी पितळी झडप. तिकडे माणसानं फोनचं हँडल फिरवलं की इकडे त्याची झडप टपकन पडायची. मग चंद्रभान दोरीची एक पिन त्या झडपेखालच्या भोकात खुपसायचा, "नंबर?" म्हणून विचारायचा आणि दुसरी पिन हव्या त्या नंबरात घालायचा. दोघं बोलायची आणि मधे चंद्रभान.

"म्हणजे त्याला सगळ्यांचं ऐकू यायचं?" उषानं विचारलं.

"यायचं. लागला का, तुटला का, हे बघायला ऐकावंच लागायचं. सगळं रामायण त्यावरूनच झालं."

पाम गाव ओलांडलं की खाडीच्या अंगाला एक मिठागर लागायचं. मालक मुंबईला, देखरेख भगवंतशेठकडे. शेठचे टँकर होते. दिवसा ते कारखान्यांत पाणी पोचवायचे. रात्री काय न्यायचे ते खाडीतल्या मेलेल्या बोय माशांना विचारावं. भरती भरून पाणी उतरायला लागलं की मिठागराच्या बांधावर टँकर उभा राहायचा, पाइप खाडीत सुटायचा, आणि ओहोटी ते सगळं तेजाब समुद्रात ओढून न्यायची. सकाळी कोणाला काही दिसायचं नाही. फक्त कोळणींच्या पायांना फोड यायचे.

मिठागरावर रात्रीचा राखणदार जिवल्या. जव्हारकडच्या डोंगरातला, बायको जमुना. मिठागराच्या कचेरीत फोन होता. रात्री एकटेपणा खायला उठला की जिवल्या हँडल फिरवायचा. दोन आखूड फेरे, एक लांब. म्हणजे, मी जागा हाय. बोर्डावरची झडप तश्शीच खडखडायची, दोनदा आखूड, एकदा लांब, आणि मग पडायची. चंद्रभान उलट घंटी द्यायचा. मीही जागा आहे. बोलणं क्वचित. दोन राखणदार आणि मधे एक तार.

त्या वर्षी गणपती गेल्यावर जिवल्यानं एक गोष्ट केली. पाइप सोडताना त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि ते सांगायला तो सरळ पोलीस चौकीत गेला. तिथली रीत अशी की आधी नाव, बापाचं नाव, गाव, आणि मग तक्रार. जिवल्यानं भरल्या चौकीत खणखणीत आवाजात नाव सांगितलं.

तो आठवडा संपायच्या आत जिवल्या नाहीसा झाला.

"पळाला दुसरी बाय घेऊन," भगवंतशेठनं सांगितलं. कचेरीला कुलूप घातलं, फोन बंद करायचा अर्ज दिला. मिठागराची तार मी स्वतः उतरवली. खांबापासून कचेरीपर्यंत. गुंडाळी करून घरी आणून टाकली. हे लक्षात ठेवा.

जमुना पळालेल्याची बायको म्हणून राहायला तयार नव्हती. दर बाजाराच्या दिवशी ती एक्स्चेंजच्या खिडकीशी यायची.

"बाबू, त्याचा फोन आला का?"

"नाही आला, जमुनाताई."

"तो पलायचा नाय. पलाला आसता त रातचा तुला घंटी मारली आसती."



नवरात्रात चौकीत नवा फौजदार आला. तरुण, किडकिडीत. त्यानं जुनी कागदपत्रं चाळली आणि दिवाळीत गावोगाव पाट्या लावल्या. 'गुन्ह्याची माहिती द्या. फोन नंबर ११. नाव सांगू नका. आम्ही विचारणार नाही.' अकरा नंबरचा फोन त्यानं चौकीतून उचलून स्वतःच्या खोलीत घेतला.

पाट्या लागल्या. फोन एकही आला नाही.

का आला नाही ते मासेवाली नलू चंद्रभानला भर बाजारात बोलली. "फौजदार नाव नाय विचारनार, पन मधी तू बसलेला हायस ना! तुज्या कानातून जाऊन ते निनावी कसं रे ऱ्हानार? मांजराला सांगितलंय, दूध वाहून ने, पन वास नको घेऊ."

बाया हसल्या. नलू थांबली नाही. सुकटाला मीठ मिळेना म्हणून ती आधीच चिडलेली. "भगवंतशेठकडं मीठ मागाया गेले त म्हनतो, ती पेंढ्यानं झाकलेली मोठी रास विकाची नाय. का रं, पोरीच्या लग्नात आंदन देनार हायस काय?"

चंद्रभान बाजारातून निघाला. एक्स्चेंजवर आला, हातोडी घेतली आणि बोर्डासमोरच्या भिंतीत एक मोठा खिळा ठोकला. खिडकी सताड उघडी ठेवली. त्या दिवसापासून कोणी अकरा नंबर मागितला की तो पिन घालायचा, खटका वर करून आपला कान त्या बोलण्यातून काढायचा, डोक्यावरचा हेडफोन उतरवून खिळ्याला अडकवायचा आणि हात मांडीवर ठेवून खिडकीकडे तोंड करून बसायचा. रस्त्यावरच्या कोणीही बघावं. बोलणं संपल्याची झडप पडेपर्यंत तो खिळ्याला हात लावायचा नाही.

लोकांनी चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी कोणीतरी अकरा मागितला. त्याच बुधवारी रात्री ओहोटी लागताना फौजदारानं बांधावर भगवंतशेठचा टँकर धरला, पाइप पाण्यात असताना. शेठ दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटून आला.

फोन कोणाच्या घरून आला होता, हे बोलणं न ऐकताही चंद्रभानला माहीत होतं. झडप त्यानं पाहिली होती. त्या घरात लहान लेकरं होती. आणि जिवल्याचं काय झालं असावं, याचा अंदाज आता सगळ्यांनाच होता.

शुक्रवारी सायकल मिठागराजवळून गेली तेव्हा दिवस मावळला होता. पेंढ्याची रास काळी दिसत होती. कचेरीसमोर खांब, खांबावर तार बांधायचे चिनी मातीचे दोन पांढरे कप, आणि त्यांना आता तारच नाही. चंद्रभाननं बुधल्याला मागे हात लावून पाहिला आणि पायडल मारलं.

रात्री त्यानं बॅटऱ्यांत पाणी घातलं, जेवला, कंदील लावून ठेवला. बारा वाजून गेले. अमावास्येचं उधाण खाडीच्या काठोकाठ चढून थांबलं होतं. आता पाणी उतरणार, तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

भगवंतशेठ दारात उभा राहिला. मागे त्याचा ड्रायव्हर, हातात जॅकचा लोखंडी दांडा.

"काय बाबू, जेवलास?"

"जेवलो."

"आत येऊ?"

"बाहेरच्या माणसाला आत मनाई आहे. पाटी आहे दारावर."

"पाट्या लय झाल्यात गावात," शेठ म्हणाला आणि आत आला. ड्रायव्हरनं दार लावलं. खिडकीही ओढून घेतली. "नाव सांग."

"कोणाचं?"

"बुधवारी अकरा नंबर कोनी मागितला?"

"मी ऐकत नाही. हेडफोन खिळ्याला असतो. अख्ख्या गावाला माहीत आहे."

"ऐकत नायस. बघतोस त खरा? झडप कोनाची पडली?"

इथे चंद्रभानला खोटं बोलता आलं असतं. नजर चुकली, झोप लागली, काहीही. पण तो म्हणाला, "पाहिली. सांगणार नाही."

शेठ हसला. स्टूल ओढून जवळ बसला. "जिवल्या तुजा दोस्त. लय घंट्या मारायचा तुला. आता मारतो?"

"नाही."

"का नाय मारत?"

"ते तुम्हाला माहीत असेल."

शेठचं हसणं थांबलं. त्यानं चंद्रभानचं मनगट धरलं आणि हात बोर्डाच्या फळीवर दाबला. "याच बोटांनी पिना घालतोस ना? नाव सांगतोस, का एकेक बोट मोजू?"

ड्रायव्हरनं दांडा उचलला. चंद्रभाननं हात ओढून घेतला नाही. त्यानं बोटं पसरली.

"मोजा," तो म्हणाला. "बोटांना नावं नसतात."

दांडा वर होता.

तेवढ्यात बोर्डावर खडखड झाली.

आखूड... आखूड...

लांब.

आणि एक झडप पडली.

कोणी हललं नाही. कंदिलाची ज्योत सरळ होती. बाहेर पाणी उतरायला लागल्याचा आवाज येत होता.

"हात सोडा," चंद्रभान म्हणाला. "फोन आलाय. माझी ड्यूटी आहे."

का कोण जाणे, शेठनं हात सोडला.

चंद्रभाननं पिन घातली. "नंबर?"

पलीकडे माणूस नव्हता. पाणी होतं. खाडीचं, उतरतं पाणी. आणि त्याच्या वर आणखी एक आवाज... ओल्या मिठावरून अनवाणी माणूस चालत यावा तसा. कर्र... कर्र... मग तोही थांबला. कोणी जवळ येऊन उभं राहिलं की कळतं ना, तसं त्याला कळलं.

त्यानं पुन्हा "नंबर?" विचारलं नाही. दुसरी पिन उचलली, अकरात घातली, घंटी दिली. फौजदारानं फोन उचलल्याची खूण आली. चंद्रभाननं खटका वर केला, हेडफोन काढला, खिळ्याला अडकवला. हात मांडीवर ठेवले.

"अकरा नंबरचा फोन आहे," तो म्हणाला. "मी ऐकत नाही. तुम्हीही ऐकायचा नाही."

शेठ बोर्डाजवळ वाकला होता. पडलेल्या झडपेखालची चिठ्ठी वाचत होता. ओठ हलत होते.

"मिठागर?... मिठागराची त तार काढलीय."

चंद्रभानचे हात मांडीवरच होते.

"कोनाचा खेळ हाय ह्यो? आँ?" शेठनं खिळ्यावरचा हेडफोन हिसकला. चंद्रभान उठला, तेव्हा ड्रायव्हरनं दांडा त्याच्या छातीला लावला. शेठनं हेडफोन डोक्यावर चढवला, खटका खाली ओढला. "कोन हाय रं तिकडं? नाव सांग!"

...

"नाव सांग म्हनतो!"

...

मग तो ऐकत राहिला. काय ऐकलं, ते कोणालाच माहीत नाही. चंद्रभानला फक्त त्याचा चेहरा दिसत होता. आधी कानशील पांढरं पडलं. मग गाल. मग ओठ.

"नाय..." शेठ म्हणाला.

...

"तू नाय. तू कसा... तू त राशीखाली..."

...

"मीच घातला ना तुला. पेंढ्याच्या राशीखाली. मीच... माज्या हातानं... जिवल्या... मंग तू बोलतोस कसा?"

ड्रायव्हरचा दांडा खाली पडला. "सेठ... चलो यहाँ से... सेठ!" शेठनं ऐकलं नाही. ड्रायव्हरनं दार उघडलं आणि तो गाडी सोडून अंधारात पळाला.

शेठनं हेडफोन हळूच काढला. फळीवर ठेवला. चंद्रभानकडे पाहिलंसुद्धा नाही. बाहेर गेला, गाडी सुरू झाली, मिठागराच्या दिशेनं गेली.

बोलणं संपल्याची झडप पडली. चंद्रभाननं दोन्ही पिना काढल्या.

"आणि फौजदार?" उषानं हळूच विचारलं.

फौजदार दुसऱ्या टोकाला होता. त्यानं फोनच्या तोंडावर हात ठेवला होता. शेठचा शब्द न् शब्द त्याला ऐकू गेला. दुसरा कुठला आवाज आला का, ते त्यानं कधी कोणाला सांगितलं नाही. फोन ठेवला आणि जीप काढली. मिठागरावर पोचला तेव्हा भगवंतशेठ राशीवर गुडघे टेकून होता. पेंढा फेकलेला, दोन्ही हात कोपरांपर्यंत मिठात. उकरत होता. मेलेला माणूस जागेवर आहे की नाही, ते बघायला.

जिवल्या जागेवरच होता.

फौजदारानं कागदात लिहिलं, 'निनावी फोनवरून माहिती मिळाली.' फोनवरचा आवाज भगवंतशेठचा, हे त्याला माहीत होतं. पण नाव न विचारण्याचा नियम त्याचाच. शेठ जन्मठेपेला गेला तरी पाटी तशीच राहिली.

सकाळी चंद्रभान माझ्या दारात आला. तोंड धुतलेलं, केस विंचरलेले.

"कृष्णकांत, मिठागराची तार कुठाय?"

मी कॉटखालून गुंडाळी ओढून दाखवली. धूळ बसलेली, गाठ मीच मारलेली. त्यानं ती हातानं चाचपली आणि परत ढकलली. रात्री काय झालं ते सांगितलं. आत्ता तुम्हाला सांगितलं, तेवढंच.

जमुनाला नेऊन जिवल्या दाखवला. ती रडेल म्हणून बाया तिला धरून उभ्या होत्या. तिनं त्यांचे हात काढले. "मिठानं राखला," म्हणाली. "वलकू येतोय. माजा नवरा पलाला नव्हता. कोन म्हनला पलाला? आता म्हना!" कोणी म्हटलं नाही. मग ती सरळ एक्स्चेंजच्या खिडकीशी आली.

"बाबू, त्याचा फोन आला ना?"

चंद्रभाननं तिच्याकडे पाहिलं. मग डोक्यावरचा हेडफोन काढला आणि खिळ्याला अडकवला. जमुना खिळ्याकडे बघत राहिली. तिनं खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला, जसा कोणाच्या खांद्यावर ठेवावा, आणि गेली.

पुढे मोठे साहेब चौकशीला आले. तार नाही, फोन नाही, मग झडप पडली कशी? चंद्रभानला उभं करून विचारलं, "फोन कोणी केला होता?"

"नाव सांगता येणार नाही साहेब."

"बुधवारी टँकरचा केला तो?"

"नाही सांगता येणार."

"आणि शुक्रवारचा? अहो, लोक तर मेलेल्या माणसाचं नाव घेतायत. त्याला आता कोण मारणार आहे?"

"त्यानं एकदा नाव सांगितलं, म्हणून तो मेला," चंद्रभान म्हणाला. "दुसऱ्यांदा माझ्या तोंडून जाणार नाही. जिवंत असो, मेलेला असो. नाव नाही म्हणजे नाही."

साहेबांनी त्याची बदली केली. पण त्याआधीच्या महिन्यात त्या बोर्डाच्या झडपा अशा पडल्या की विचारू नका. लोक फोन लावायचे, अकरा मागायचे. रात्रीचे टँकर, तांब्याच्या तारा चोरणारे, दारूच्या भट्ट्या. खिडकी उघडी असायची आणि चंद्रभान हात मांडीवर ठेवून बसलेला असायचा. नलू येता-जाता ओरडायची, "ए मांजरा, आज दूध किती वायलंस?" आणि कधी खिडकीत दोन बोंबील ठेवून जायची.

बुधवारचा फोन कोणाचा, ते मला आजही माहीत नाही. चंद्रभान गेला, त्याच्याबरोबर ते नावही गेलं.

मामा थांबले. वसाहत अंधारात होती. लांब कुठेतरी कुत्रं भुंकून गप्प झालं.

"मामा," शिवाजी म्हणाला, "ड्रायव्हरनं आणि फौजदारानं मिळून शेठला फसवलं असेल. तारेला तार जोडता येते."

"येते. मी लाइनमन आहे, मला शिकवू नको. मीही तेच म्हणत होतो." मामांनी उशीखालून एक गाठोडं काढलं. जुन्या लुगड्याचा तुकडा. "बोर्ड भंगारात गेला तेव्हा चंद्रभाननं हे मागून घेतलं, आणि जाताना मला दिलं. शेठनं फळीवर ठेवला तेव्हापासून असाच आहे, म्हणाला. मी किती वेळा पुसला. उन्हात ठेवला. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला."

त्यांनी गाठ सोडली. काळा हेडफोन. त्यांनी तो उषापुढे धरला.

"कानाच्या वाटीत बोट घाल."

उषानं बोट घातलं. बोटाला ओलं, खरखरीत काहीतरी लागलं. तिनं ते जिभेला लावलं.

खारट होतं. तिनं शिवाजीचा हात धरला. त्याच्या मनगटावर तिच्या त्या बोटाचा ओला ठसा उमटला, आणि वारा लागून वाळला तसा पांढरा दिसू लागला.